दोराची गाठ

आई घरात आहे का, हा प्रश्न नसायचा.
कोणती आई घरात आहे,
हे मला गल्लीच्या तोंडाशीच ऐकावं लागायचं.
भांडी एका लयीत घासली जात असतील
तर जेवण आहे.
काहीच आवाज नसेल तर ओट्यावर थांबायचं.
आणि एकच पातेलं वाजत असेल,
तेच, पुन्हा पुन्हा तेच,
तर पाय न अडखळू देता
पुढे जायचं, सायराच्या घरी.

सायरा तडवीची माय काही विचारायची नाही.
कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून म्हणायची,
"मीठ कमी हाये का, पाय बरं."
मीठ कधीच कमी नसायचं.

बाबा सावद्याच्या वखारीत केळीच्या गाड्या भरायचे
आणि गाडीबरोबर दिल्लीला जायचे,
जरा जास्तच वेळा.

पण मी तुम्हाला अर्धंच सांगतेय.
एकदा रात्री दोन वाजता तिनं मला हलवलं,
"ऊठ वं, मांडे करू."
चुलीवर पालथं खापर, तिच्या कोपरापर्यंत पसरत गेलेला मांडा,
इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा.
उजाडायच्या आत आम्ही अकरा घरी मांडे दिले.
शाळेत पमीनं विचारलं, कोणता सण होता गं?
मी म्हटलं, आमच्यात असतो.
तशी आई फैजपुरात दुसऱ्या कोणाला नव्हती.
हेही खरंच आहे.

मग ती आखाजी. निंबाला झोका.
आई साडी खोचून फळीवर उभी राहिली
आणि असा झोका घेतला
की तिचे पाय कौलांच्या वर गेले.
पोरी ओरडत होत्या, काकू, अजून! काकू, अजून!
पमीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.
सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.
मी फांदीवरच्या गाठीकडे बघत होते.

गाठ सुटली नाही.
ती कधीच सुटली नाही, हे सांगायला हवं.

त्याच पमीनं आठवीत वर्गभर केलं,
हिची आई रात्री विहिरीशी बोलते.
बोलायची. खोटं नव्हतं त्यात काही.
मी पमीशी अकरा वर्षं बोलले नाही,
आणि तीच पमी, लग्न मोडून माहेरी आलेली,
एका मंगळवारी तेलाची वाटी घेऊन आमच्या दारात.
आईनं सहा दिवस डोक्याला हात लावू दिला नव्हता कोणाला.
पमी मागे बसली, केसांची एकेक जट सोडवत राहिली,
मी पाणी तापवलं.
माफी वगैरे कोणी मागितली नाही.

आता जळगावच्या ऑफिसात
कोणी कप जोरात ठेवला
की मी आधी "सॉरी" म्हणते, मग वळून बघते.
मैत्रिणी म्हणतात, तुझ्यासारखं ऐकणारं कोणी नाही.
मी त्यांना सांगत नाही
की मी शब्द ऐकतच नाही,
शब्दांच्या मागचं पातेलं ऐकते.
कोणी माझ्यावर खूप माया केली
की माझी नजर आपोआप वर जाते,
फांदीकडे.

सायरा रावेरला नर्स आहे.
फोनवर कशी आहेस विचारत नाही.
"मीठ कसं आहे आज?" एवढंच.
एकवीस वर्षं मी म्हणत आले, बरोबर आहे.
गोळ्या बंद करून आई तीन दिवस मोरीत बसून होती, तेव्हाही
बरोबर आहे.

या चैत्रात म्हटलं, कमी आहे.
का म्हटलं माहीत नाही. तोंडून गेलं.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग शेवटच्या एस्टीनं ती आली,
आईच्या खोलीत डोकावली, पदर खोचला
आणि मोरीत तीन दिवसांची भांडी घासायला बसली.
मी चपला हातात घेऊन
दाराबाहेर उभी,
ऐकत.