धाकटी बटणं

शारजात, अल नहदाच्या अकराव्या मजल्यावर
रात्री साडेबाराला मी एक बटण बंद करते.
थोरलं. 'सर्व सूचना'.
त्याच्या पोटातली चार धाकटी
एकदम राखाडी होतात:
पगार जमा झाला,
रुपयाचा भाव बदलला,
गावी पैसे पोचले,
आणि सणाच्या शुभेच्छा, ज्या कुणालाच नको असतात,
पण मार्केटिंगचा फैजान ते बटण काढू देत नाही.

इथवर सोपं आहे.

शायनीने बग टाकलाय तो पुढचा.
थोरलं पुन्हा चालू केलं की
धाकटी सगळीच्या सगळी चालू होतात,
शुभेच्छासुद्धा.
तिने विचारलंय, ज्याने ते एक स्वतःहून बंद केलं होतं
त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का?
शायनी कोट्टयमची. फार बोलत नाही,
पण बोट बरोबर ठेवते.

मी दोन जागा करते.
एकीत, बटण आत्ता कसं दिसतं.
दुसरीत, त्या माणसाला काय हवं होतं.
थोरलं बंद झालं तर पहिलीच बदलायची.
दुसरीला धक्का लावायचा नाही.
सात ओळींचं काम.

सकाळी आम्ही टायपिंग सेंटरवर होतो.
विद्याधरच्या कंपनीने जबल अलीचं गोदाम गुंडाळलं.
त्याचा व्हिसा रद्द, मग त्याच्याखाली मी,
माझ्याखाली इरा... नाही,
इराही त्याच्याचखाली.
सवयीने मी मनात झाड काढत होते.
काउंटरवरच्या पेशावरी चाचांनी
चष्मा कपाळावर ढकलून विचारलं,
"फॅमिली को होल्ड पे रखना है?"
विद्याधर माझ्याकडे बघेना.
मी म्हटलं, हो, ठेवा.
लग्नाच्या हॉलवर कुणी पर्स धरायला देतं, तसं.

कागदावर माझा व्यवसाय: गृहिणी.
सहा वर्षं इथे कोड लिहितेय,
ते कुणी खोडलं नाही, मीही नाही.

राखाडी म्हणजे बंद नव्हे.
यावरून जोसलिनशी भांडले होते मी.
तिचा राखाडी इतका फिका
की गोळी डावीकडे आहे की उजवीकडे, कळायचंच नाही.
म्हटलं, हात लावता येत नसेल, नसू दे.
पण होतं काय, ते दिसलं पाहिजे.
ती म्हणाली, कोण बघतंय?

फ्रिजवर इराच्या स्केटिंगचं वेळापत्रक आहे,
डिसेंबरपर्यंतचं.
आमच्यापैकी कुणी उतरवलेलं नाही.

थोरलं बंद. चालू.
बंद. चालू.
धाकटी जिथल्या तिथे.
शुभेच्छा तेवढ्या गप्प.
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम आलाय,
आत एसीचा खडखडाट,
आणि आतल्या खोलीत विद्याधर झोपल्यासारखा जागा.

फाईल बंद करता करता लक्षात येतं:
थोरलं बंद असताना
माणसाने फोनच बदलला तर?
ती दुसरी जागा मी फोनमध्येच ठेवली होती.
नव्या फोनला काय माहीत
कुणाला काय हवं होतं.

शायनी उद्या विचारेलच.
मी तिच्याआधी लिहून ठेवते,
बगला नाव काय द्यावं ते सुचत नाही,
म्हणून नुसता आकडा.