शिंगावरचा ओढा

आजोबांचं शिंग तडकलं या हिवाळ्यात.
बंदूक अजून शाबूत आहे, गारगोटीच्या चापाची, लांब नळीची,
पण दारू ठेवायला काही नाही
आणि प्लास्टिकच्या डबीतून ओतायची मला लाज वाटते.

म्हणून निघालो. व्हर्जिनियाचा हा कोपरा
डोंगरांनी असा चुरगळलाय
की शेजारच्या गावाला जायला तास लागतो.
हार्डवेअरवाला म्हणाला, हर्शेल स्टिल्टनरकडे जा.
पेट्रोलपंपावरची मुलगी म्हणाली, तो तर वारला.
पाद्री म्हणाला, वारला खरा,
पण शिंगं अजून येतात जत्रेत, दर ऑक्टोबरात,
त्याच्याच अक्षरातली.

दारात एक लंगडं कुत्रं आणि शाळेची पिवळी बस.
व्हर्डीबाई बस चालवतात. सकाळी चाळीस पोरं,
दुपारी शिंगं.
"अक्षर पहिल्यापासून माझंच," त्या म्हणाल्या,
"तो फक्त सही करायचा. बाईच्या हातचं
कोण घेणार होतं तेव्हा?"
पुन्हा तो विषय नाही.

चुलीवर बैलाचं शिंग उकळत होतं,
केस जळावेत तसा वास.
फुटक्या काचेने त्या शिंग तासतात,
इतकं पातळ, की उजेडाला धरलं
तर आत दारू किती उरली ते दिसावं,
बरणीतल्या मधासारखं.
मग सुई. मग अक्रोडाच्या सालीचं काळं पाणी,
रेघांत चोळून जिरवलेलं.
त्यांचा अंगठा आता कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

"नकाशा कुठला घालू?"
जुन्या शिंगांवर नद्या असतात, किल्ले, पुढच्या मुक्कामाची वाट.
हरवू नये म्हणून माणूस
मुलूख कमरेला बांधून हिंडायचा.
मी म्हटलं, आमचा ओढा. रॅटलिफचा ओढा.
त्यांनी भिंतीवरचा सरकारी नकाशा पाहिला.
तिथे ओढा नव्हता.
असणार कसा? कोळशासाठी डोंगराचं डोकं उडवून
कंपनीने त्याच्यावर ओतलं,
मी नववीत असताना.

त्यांनी पेन्सिल पुढे केली. काढा.
मी काढला. वळण चुकलं. खोडलं.
सिकामोरचं झाड कुठल्या काठाला, ते काही आठवेना.
कॉफी निवली. पातेल्यात शिंग खदखदत राहिलं.
"शिंगावर खोडता येत नाही," त्या म्हणाल्या,
"नीट आठवून घ्या. मंगळवारी या."

सात मंगळवार झाले.
काल बहिणीला फोन लावला ओहायोत, चार वर्षांनी,
झाड कुठल्या बाजूला होतं एवढंच विचारायला.
ती म्हणाली, डाव्या.
मग म्हणाली, थांब,
डाव्या म्हणजे वर जाताना, की खाली येताना?