ओल

माझा बाप चुलवाण्या.
गुऱ्हाळाच्या तोंडाशी उकिडवा बसून चिपाडं सारायचा,
वर काहिलीत रस कुठवर आलाय
ते खालच्या जाळाच्या आवाजावरनं सांगायचा.

मी त्याची थोरली, सुलाबाई चिंदगे.
भोगावतीच्या काठाला सोसायटीचं वीजघर,
तिथं रातपाळीला.
हातात दाताळं, कानात कापूस,
तरी कान उघडेच.

आधी तोडणी झाली की फड पेटवायचे.
आठ आठ दिवस काळी कुसळं उडत यायची,
वाळत घातलेल्या धोतरावर, दुधाच्या किटलीत.
आता तेच पाचट गाठी बांधून
गाडीनं येतं, काट्यावर चढतं.
वहीत नाव, किलो, ओल.
ओलीचा रकाना घालायला
सभेत दोन तास भांडण झालं,
एकाचा पटका सुटला.

मंगळवारी रात्री दीडला
यंत्र खोकलं.
थांबलं. परत खोकलं.
दारात येऊन बघितलं तर
सगळं गाव पिवळं,
कावीळ झाल्यागत.
दूधसंस्थेचा कूलर कण्हत होता.
वरच्या आळीला कुणाची तरी म्हैस व्यायला आलेली,
बॅटरी हुडकत माणसं गोठ्यात पळत होती.

गाठीत हात घातला. गार.
अजून खाली घातला
तर दोन दगड, नदीतले, गुळगुळीत,
वजनाला टाकलेले.

वही उघडली.
नाव आमचंच.
ओल बारा टक्के.
खाली मालकांची सही, शेपटी काढलेली,
लग्नाच्या याद्यांवर केलेली तशीच.

कोरड्या गाठी ओढून आणल्या, एकेक, पोटाशी धरून.
तासाभरानं यंत्राचा घसा मोकळा झाला,
गाव पांढरं झालं.
मग वहीतल्या बारावर काट मारली,
एकतीस लिहिलं,
किलोतनं दगड वजा केले,
आणि माझी सही केली. माझी शेपटी नाही काढत मी.

सकाळी दोन्ही दगड
त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.
ते बशीत बघत म्हणाले,
"रातीला लाइट गेल्ती व्हय?"
"गेली न्हवती," म्हटलं, "दमल्ती."

बशी रिकामी झाली तरी ते फुंकतच होते.

दुपारी पत्र्यावर चढून
पाचट पसरताना दिसले, एकटेच,
उन्हात, सदरा काढून.
वारं सुटलेलं.
उडू नये म्हणून
कडेला दगड ठेवलेत.
तेच दोन.