गणपूर्ती

गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ कुणी खेळत नाही.
सकाळी चालणारे, हास्यक्लबवाले,
पोलीस भरतीची पोरं, संध्याकाळी भेळ.
समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत
आमच्या संघटनेचं कार्यालय:
उत्तर महाराष्ट्र गोल्फ पत्रकार संघ, नाशिक.
नोंदणी क्रमांक आहे, शिक्का आहे,
शिक्क्याच्या पॅडला शाई नाही.

चौदा वर्षं मी चिटणीस.
म्हणजे काय, तर धर्मादायच्या कचेरीत
फेरफार अर्ज घेऊन उभी राहते,
आणि तिथला कारकून दर खेपेला विचारतो,
"मॅडम, गोल्फ म्हणजे हॉकीसारखंच ना?"
मी हो म्हणते. सही लवकर मिळते.

सभासद तेरा. त्यातले दोघे वारले,
एक कॅनडात मुलीकडे.
नावं वगळायची तर ठराव हवा,
ठरावाला सात माणसं हवीत.
वर्गणी दोनशे. खजिनदार विसपुते
चौघांची स्वतःच्या खिशातून भरतात
आणि कुणाची ते सांगत नाहीत.

भांडलो ते शब्दांवरून जास्त.
'हँडिकॅप'चं एका डेस्कनं 'अपंगत्व' केलं होतं:
'अठरा अपंगत्व असूनही डॉक्टरांची बाजी'.
डॉक्टर हसले. त्यांची आई रडली.
मग परिपत्रक काढलं, क्रमांक नऊ:
बर्डीला बर्डीच म्हणावे, पक्षी उडवू नये.
पुढच्याच हंगामात पक्षी पुन्हा उडाला.

या वर्षी सभेपुढे विषय एकच:
भिका बेंडकुळे, राहणार गंगापूर गाव, कॅडी,
यांना सभासद करावे की नाही.
नियम चार: पत्रकार म्हणजे ज्याचं लिखाण छापून येतं.
भिकाच्या नावानं एक ओळ छापलेली नाही.
पण रात्री साडेआठला त्याचा फोन यायचा,
"ताई, चौदाव्याला वारा फिरला, धरणाकडून.
साहेबांनी सातची मागितली, मी सहा पुढं केली,
घेतली नाही. तिथंच मॅच गेली."
आणि सकाळी पाच पेपरांत, पाच नावांखाली,
वारा धरणाकडूनच फिरलेला असायचा.

सात हवेत. आले सहा.
खैरनार सरांचा गुडघा, नोशीरच्या नातवाची मुंज नव्हे, नवजोत,
बाकीच्यांचे फोन बंद.
भिका दाराबाहेर, चपला काढून.
विसपुते म्हणाले, तो आत आला की सात होतात.
मी म्हटलं, तो आत यायलाच सात लागतात.
मग बराच वेळ नुसता पंखा.

नियम अकरा: गणपूर्तीअभावी सभा तहकूब,
अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा,
तेव्हा गणपूर्तीची अट नाही.
हा नियम मीच टाईप केला होता,
कुठल्याशा पतसंस्थेच्या घटनेवरून,
न वाचता.

तो अर्धा तास आम्ही मैदानात काढला.
भिकानं माझी छत्री उलटी धरली,
वाकून माती कुठं उतरते ते बघितलं,
"इथं पाणी साचत असणार," म्हणाला,
आणि दोन पावलं मागं सरकला.
चेंडू नव्हता.
छत्री फिरली तेव्हा सहाच्या सहा माना
नसलेल्या चेंडूमागं कुंपणापर्यंत गेल्या.
एक भरतीचं पोरगंही धावता धावता थांबलं.
देवरे, ज्यांच्या नावावर बावीस वर्षांची कात्रणं आहेत,
त्यांनी हळूच विचारलं, "कुठं पडला?"
"रस्त्यापल्याड," भिका म्हणाला.
"माझं चुकलं. वारा धरला नाही."

इतिवृत्तात मी लिहिलं:
सभा पाच चाळीसला पुन्हा सुरू, उपस्थिती सात.
मग खोडून सहा केले.
ठराव मंजूर झाल्यावर वर जाऊन पुन्हा सात.
खाडाखोडीनं तिथं कागदाला भोक पडलंय.
कारकून त्यावर बोट ठेवणारच.
या खेपेला त्याला नीट सांगायला हवं,
हा खेळ हॉकीसारखा नाही.