अवशिष्ट क्लोरीन

खसब नकाशात शोधायचं तर
आखाताचं तोंड जिथे आवळलंय तिथे बोट ठेवा.
मागे उघडे डोंगर,
पुढे पलीकडून बोकड घेऊन येणाऱ्या होड्या,
मधे आमची प्रयोगशाळा : दीड खोली,
आणि अंडी उबवावीत तशा
बाटल्या उबवणारी एक पेटी.

काम सांगायला सोपं आहे.
नळाचं तोंड लायटरने भाजायचं,
दोन मिनिटं पाणी नुसतं सोडून द्यायचं
(आई बघती तर हात धरला असता),
बाटली भरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही.
दुसऱ्या नळीत एक गोळी.
गुलाबी झालं तर पाणी अजून जागं आहे.
नाही झालं तर वाटेत कुठेतरी
त्याला झोप लागली.

समुद्रातून काढलेलं पाणी आधी इतकं कोरं असतं
की त्याला चुनखडीतून चालवावं लागतं,
नाहीतर ते पाइपच खात सुटेल.
म्हातारी शम्सा अजून
डोंगरातल्या दगडी टाक्याचं पाणी पिते.
"तुमच्या पाण्याला आईबाप नाहीत," म्हणते.
मी मीटर बुडवतो, आकडा सांगतो.
ती मला खजूर देते.

मंगळवारी बंदरामागच्या कॅम्पातली बाटली
पिवळी झाली.
खोलीत अंधार केला, निळ्या दिव्याखाली धरली.
चमकली.
इतकी सुंदर, की क्षणभर विसरलो
हा कुणाच्यातरी आतड्यातला उजेड आहे.

गच्चीवर चढलो. खाली शिडी धरून टँकरवाला दाद करीम,
"माझं पाणी चांगलं होतं," एवढंच घोकत.
आणि होतंच.
टाकीचं झाकण मार्चच्या वाऱ्यात गेलेलं,
त्या जागी प्लायवूडचा तुकडा, त्यावर वीट.
आत पिसं,
आणि पारवा.
खाली टेकबहादूर तीन दिवस
संडासाच्या दाराशी बादली उलटी घालून बसलेला,
सारखी ये-जा नको म्हणून.
म्हणाला, उन्हाने झालं असेल साहेब.

हमूद म्हणाला, टाकी धू, नमुना पुन्हा घे,
तोच लिही.
वाईट माणूस नाही.
त्याला फक्त कागद स्वच्छ लागतो.

रात्री फोन लावला.
माझी रुकय्याबुबू गावची जलसुरक्षक,
मानधन आठ महिने थकलेलं.
पहाटे बादलीत पावडर कालवते,
निवळी तेवढी विहिरीत सोडते,
"तासभर कोणी भरू नका" ओरडते,
आणि सगळ्या तिच्यादेखत भरतात.
मधे अख्खा समुद्र,
दोघांच्या हातांना वास एकच.
"किती आलं?" हा आमचा सलाम.
"पॉइंट दोन," ती म्हणाली. "तुझं?"
म्हटलं, काहीच नाही.
ती गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
मग म्हणाली, "लिवलंस?"

टाकी धुतली. झाकण आणलं.
दुसरी बाटली चोवीस तास ठेवली तरी पाण्यासारखीच राहिली.
रजिस्टरात दोन ओळी लिहिल्या, एकीखाली एक.
हमूदने चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
सही केली ती खालच्या ओळीपुढे.
वरची तशीच आहे,
बिनसहीची, माझ्या अक्षरात.

टेकबहादूर कामावर जायला लागलाय.
नव्या झाकणाला कडी आहे, कुलूप आहे,
तरी त्याने वर ती जुनी वीट नेऊन ठेवली.
विचारलं, तर म्हणाला,
असू दे.