बदक न्हवं

वडगावच्या बाजारातनं पाच आणली,
साबणाच्या खोक्यात, छत्रीच्या काडीनं भोकं पाडून.
एसटीत कंडक्टरनं विचारलं, बदकं काय?
मी म्हटलं, न्हवं.
मग काय?
ते मला बी ठावं नव्हतं.

विकणारा म्हणालेला, हंस.
शाळेतल्या बाईंनी मान वाकडी करून बघितलं,
म्हणाल्या, कलहंस.
कलह तर होताच,
पहाटे साडेचारला, डेअरीच्या किटल्या वाजायच्या आधी,
आख्ख्या वडणग्याला जागं करणारा.
तानूबाई कुंपणावरनं ओरडायची,
सोनाक्का, तुझी ती भांडणं आवर!

नर कुठला, मादी कुठली, सहा महिने कळंना.
बोलण्यावरनं म्हणाल तर
आमच्यात बायका बी कळत न्हाईत,
मी आलो, मी गेलो, मी धार काढलो.
शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं उलटं धरून सांगितलं:
तीन माद्या, दोन नर.
त्यातला थोरला, छाती काढून चालणारा,
त्याला आम्ही फौजदार म्हणायला लागलो.

बारा गुंठ्यात फुकट कुणाला ठेवता येत न्हाई.
रत्ना म्हशीचं दूध सकाळ-संध्याकाळ,
शेण गॅसच्या टाकीत,
टाकीतली रबडी केळीला,
केळीचा पाला परत रत्नाला.
कोंबड्या गोचीड वेचतात.
मांजराचं काम मांजराला ठावं.
मालकांनी वहीत खाना पाडला, वर लिहिलं: उपयोग.
यांच्यापुढं काय लिहायचं?
हराळी खातात, बांध साफ ठेवतात.
कोथिंबीर बी साफ ठेवतात.
अंडी देतात, ती माघात, फार तर फाल्गुनापर्यंत,
मग वर्षभर नुसती देणेकऱ्यागत ओरडतात.

दूध आणि पाणी वेगळं करतात म्हणे हंस.
फौजदारानं एकदा किटलीत चोच घातली,
दूध बी प्यालं, पाणी बी प्यालं,
आणि माझ्याकडं बघून फुस्स केलं.
वेगळं करायला डेअरीत मशीन आहे,
ते रत्नाला साडेसहाच्या वर फॅट देत न्हाई.

मग दिवाळी सरली, कागलचा जावई आला.
मालक म्हणाले, एक तरी वहीत येऊ दे.
लंगडणारी मादी होती एक, फौजदाराच्या मागं मागं चालायची.
मीच धरलो.
खोटं कशाला बोलू, हात थरथरला न्हाई,
कोंबड्या काय कमी कापल्यात.
रस्सा जरा तेलकट झाला. विलासरावांनी दोनदा घेतला.
पिसं मी धुवून उन्हात घातलो,
पोटाखालची मऊ, फुंकर घातली तर पुन्हा पाठीमागं येणारी.
सावरीच्या कापसात मिसळून उशी शिवलो,
लेकीला दिलो. तिला झोप लागते म्हणे.
मालकांनी लिहिलं: मांस अडीच किलो, उशी एक.
खाना भरला.

फौजदार दोन दिवस चुलीच्या भिंतीकडं तोंड करून उभा.
तिसऱ्या दिवशी पहाटे
मी धार काढायला वाकलो
आणि पोटरीला चोच.
नुसती चोच न्हाई, पिळा.

तेव्हापासनं रोज.
तानूबाईला न्हाई, मालकांना न्हाई,
उंबऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला सुद्धा न्हाई.
एक डाग निळा असतो, त्याच्या शेजारचा पिवळा पडत आलेला,
साडीच्या काठाखाली, कुणाला दिसत न्हाईत.
मालक म्हणतात, तेलाला सुटंल चांगला, पुढच्या दिवाळीला बघू.
मी म्हणतो, असू दे, राखण करतंय.
कसली राखण, ते त्यांनी विचारलं न्हाई.

काठी गोठ्याच्या दाराशीच असते.
हात तिकडं जातो आणि परत येतो,
किटली उचलायची असते.
तो येतो, मान जमिनीसरशी, पंख अर्धे उघडून,
आणि मी पाय
जरासा पुढंच ठेवतो.