उलटी बाजू

गुजरीत दुपारी वीज गेली
आणि शेवंता मगदूम आली.
पदराची गाठ सोडून काचेवर नाणं ठेवलं.
"सासूच्या गळ्यातलं हाय. आटवा.
लेकीच्या साजाला दोन पानं कमी पडत्यात."

भिंग लावलं.
कुणा रोमी राजाचं डोकं,
नाकावरून गालापर्यंत छिन्नीचा घाव.
म्हणजे तेव्हाही आमच्यातलाच कुणी
राजाच्या तोंडावर न जाता
आत तांबं आहे का, ते बघत होता.
मुकुटाच्या वर दोन भोकं, दोऱ्यासाठी.

उलटं केलं.
एक बाई उभी.
नाकडोळे नाहीत. झिजले.
ही बाजू कायम आत, छातीकडे.
किती जणींचा घाम, किती जणींची धाप.
राजा बाहेर बघायचा,
ही आत ऐकत राहायची.
निऱ्या तेवढ्या शाबूत
(निऱ्याच म्हणतो मी)
आणि हातात तागडी.

टाऊन हॉलातले चिकोडे सर सांगायचे,
त्या लोकांनी गुणांच्या बायका केल्या.
आशा फूल धरते, लाज पदर ओढते,
तागडीवाली म्हणजे खरं माप.
"राजात नसेल तो गुण आधी छापायचा,"
म्हणून स्वतःच हसायचे.

वीज नाही, काटा बंद.
मी वडिलांची तागडी काढली.
तिच्या वजनाच्या पारड्याखाली
मेणाचा एक ठिपका आहे. गुंजभर.
आई चिडली की म्हणायची,
पोतदारांचं घर त्या गुंजेवर उभं आहे.

नाणं पारड्यात ठेवलं, बाई वर.
तागडीत तागडी.
"बघा न्हवं," शेवंता म्हणाली,
आणि स्वतः मात्र रस्त्याकडे बघत बसली.
बाहेर झारेकरीण
आमच्या दारची धूळ पाटीत हलवत होती,
कण कण पाणी.

चहा सांगितला.
तो येईपर्यंत, काउंटरखाली,
नखानं.

संध्याकाळी मुशीत आधी कोण गेलं,
राजा की बाई, दिसलं नाही.
दोन पानं पडली, मासा आणि कासव.
कासवाची आतली बाजू
मी फार घासली नाही.

तागडी आता रिकामी असली
की सरळ उभी राहते.
मला अजून ती
वाकडीच वाटते.